स्टीअरिंग सरळ बसल्याशिवाय बिल नाही : आमची वाटचाल

चिपळूणच्या बाजारपेठेलगतच्या सखल भागात वडिलांचे पंक्चर काढण्याचे आणि टायरचे दुकान होते. कर्ज काढून धाकट्या भावाने आणि मी तेथे व्हील अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवण्याचे, यंत्र बसवले, तेव्हा पडद्यावरचे लाल आकडे हिरवे झाले की काम संपले, अशी आमची समजूत होती. ती मोडली गुहागरहून येणाऱ्या एका गुरुजींनी. गाडी सरळ धावते, कुठे ओढत नाही, पण स्टीअरिंग मात्र उजवीकडे कललेले राहते, ही तक्रार घेऊन ते एका आठवड्यात दोनदा आले. दोन्ही वेळा आकडे हिरवेच निघाले आणि दोन्ही वेळा ते तसेच परत गेले.

चूक आमचीच होती. खाऱ्या वाऱ्यात वावरणाऱ्या त्या गाडीच्या उजव्या टाय रॉडचा (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचा) चेकनट, म्हणजे दांडीची लांबी पक्की धरणारा नट, गंजून धरला होता, म्हणून आम्ही डावा टाय रॉड तेवढा फिरवला आणि दोन्ही बाजूंचे आकडे हिरवे दिसावेत यासाठी स्टीअरिंग किंचित सरकवले होते. रस्त्यावर मात्र पुढची दोन्ही चाके एकूण टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असतात तो कोन) आपसात सारखा वाटून घेतात आणि त्यासाठी स्टीअरिंगला जेथे जावे लागेल तेथे ते जाते. बहुतेक मोटारींत स्टीअरिंग साधारण पंधरा-सोळा अंश फिरवावे तेव्हा चाक एक अंश वळते. म्हणजे चाकाकडचा अर्ध्या अंशाचा फरक हातात सात-आठ अंशांचा होऊन येतो आणि तो कोणाच्याही डोळ्यांना खुपतो.

स्टीअरिंग उपटून एक-दोन दाते सरकवून बसवा, असा सल्ला तेव्हा अनेकांनी दिला. एका जुन्या गाडीवर आम्ही तेही करून पाहिले. स्टीअरिंग सरळ दिसू लागले, पण आतली रॅक (स्टीअरिंगबरोबर डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी पट्टी) मध्यावर नव्हतीच, त्यामुळे गाडी एका बाजूला कमी वळू लागली आणि इंडिकेटर वेळेआधी बंद होऊ लागला. एअरबॅगच्या गाडीत तर हा उद्योग धोक्याचाच आहे.

खरा उपाय कष्टाचा आहे. आधी टायरची हवा आणि जोडांतला खुळखुळा तपासायचा, मग इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग मध्यावर आणून ते हलू नये म्हणून लॉक लावायचे. चेकनट तारेच्या ब्रशने घासून तेल सोडायचे आणि थांबायचे. हातोडी मारायची नाही. रॅकच्या टोकाला झाकणाऱ्या रबरी बुटाची क्लिप सैल केल्याविना टाय रॉड फिरवला, तर बूट पिळवटून फाटतो आणि पुढच्या पावसाळ्यात चिखल रॅकमध्ये जातो. टो बरोबर असून केवळ मध्य चुकला असेल, तर एका बाजूचा टाय रॉड जेवढा लांबवायचा तेवढाच दुसऱ्या बाजूचा आखडून घ्यायचा. म्हणजे एकूण टो जागेवर राहतो. आम्ही रॉडवर खडूची खूण करून पाव-पाव फेरा देतो आणि चेकनट आवळल्यावर आकडे पुन्हा पाहतो, कारण आवळताना रॉड थोडा फिरतोच. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच्या पुष्कळ गाड्यांत त्यानंतर स्कॅनर लावून स्टीअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणावा लागतो.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि आमचे यंत्र, संगणक, कॅमेरे सगळे बुडाले. चिखल उपसल्यावर कामाच्या लायकीचे हाती लागले ते पाने, टर्न प्लेट (पुढच्या चाकांखाली ठेवायच्या फिरत्या चकत्या) आणि स्टीअरिंगचे लॉक. नवे यंत्र येईपर्यंत आम्ही जुन्या पद्धतीने गाडीच्या दोन्ही अंगांना समांतर दोऱ्या ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोजत असू. दोरी लावण्याआधी स्टीअरिंग मध्यावर पक्के बांधले नाही, तर मोजलेल्या अंतराला काही अर्थच उरत नाही. यंत्राने आमची जी सवय बिघडवली होती ती या दोरीने सुधारली, असे मला आजही वाटते. आता यंत्राचा ओटा कमरेइतका आणि विजेचे बोर्ड डोक्याच्या वर आहेत.

गणपतीच्या आधी चाकरमान्यांच्या गाड्या मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे खाऊन येतात, तेव्हा रांग लागते आणि घाई करण्याचा मोह होतो. तरीही प्रत्येक गाडी आमच्यापैकी एक जण गिऱ्हाइकाला शेजारी बसवून रस्त्यावर नेतो. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाते आणि ती ओढते असा गैरसमज होतो. म्हणून सपाट तुकडा पाहूनच स्टीअरिंग बघायचे, असे आम्ही आधीच सांगतो. वाकडे दिसले तर गाडी पुन्हा रॅम्पवर चढते आणि त्या दुसऱ्या खेपेचे पैसे आम्ही लावत नाही. गुरुजींच्या गाडीचा तो गंजलेला चेकनट अखेर टाय रॉड एंडसकट बदलावा लागला; त्याचेही लावले नव्हते.