कासवर पडलेला कॅमेरा

भिशीचा माझा नंबर लागला तेव्हा मी कॅमेरा घेतला होता. कॅनन १५००डी, सोबत १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स. सहा महिनेही झाले नव्हते. सप्टेंबरातल्या एका सकाळी साताऱ्याहून कासच्या पठारावर गेले, तेरडा भरात होता. ट्रायपॉडवर कॅमेरा बसवला. खटका लागला असं मला वाटलं, पण तो लागला नव्हता. कॅमेरा पुढे कलला आणि लेन्सच्या तोंडावर जांभ्या दगडावर आपटला.

घाबरून मी लगेच तो चालू करून पाहिला. लेन्समधून कर्र कर्र आवाज आला. भाच्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "मावशी, आधी बंद कर आणि बॅटरी काढ. झूम अजिबात फिरवू नको. आणि लेन्सचं तोंड खाली करून धर."

तोंड खाली का, ते घरी आल्यावर कळलं. लेन्सच्या पुढे बसवलेल्या यूव्ही फिल्टरचा, म्हणजे वरच्या जादा काचेचा, चुरा झाला होता. लेन्स वर धरली असती तर तो चुरा तिच्या काचेवर घरंगळला असता आणि पुसायला गेले असते तर चरे पडले असते. जुनी पांढरी चादर अंथरून त्यावर हळूहळू तुकडे पाडले, बाकीचे रबरी ब्लोअरने उडवले. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे शिंतोडे बसतात. आतली काच स्वच्छ निघाली तेव्हा जिवात जीव आला. फिल्टरची कडी मात्र वाकून अडकली होती, तिला मी हात लावला नाही.

खरी भीती पुढेच होती. बॅटरी घातली तर पडद्यावर एरर ०१: कॅमेरा आणि लेन्सचं बोलणं तुटलंय, संपर्कबिंदू पुसा. ते सोनेरी ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसले, फरक पडला नाही. मग लेन्स काढून मागून नीट पाहिली. कॅमेऱ्यात अडकणारे तीन प्लॅस्टिकचे कान असतात, त्यातला एक तुटला होता. लेन्स हलत होती, म्हणून ठिपके टेकत नव्हते. पण कॅमेराही बिघडला असेल का? दोन रात्री मला झोप नव्हती.

शाळेतल्या एका सरांकडून ५० मिलिमीटरची लेन्स तासभरासाठी आणली. फोकस झाला, फोटो आला! एफ २२ ठेवून, म्हणजे लेन्समधलं छिद्र अगदी बारीक करून, निळ्या आकाशाचा फोटो काढला, तर सेन्सरवरच्या (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवरच्या) धुळीचे दोनच ठिपके दिसले. बॉडीकडचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूचा, लेन्स अडकवायचा माउंट धातूचा, तो जसाच्या तसा होता. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बॉडी गेली की लेन्स, एवढं कळल्याशिवाय दुरुस्तीवाल्याला काय सांगणार?

पुण्याच्या दुरुस्तीवाल्यांनी कडी काढून दिली आणि स्वतःच म्हणाले, "ताई, हिच्या दुरुस्तीला जेवढे घालाल तेवढ्यात जुनी चांगली मिळेल."

जुनी घेताना मात्र मी घाई केली नाही. मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारून बुरशी पाहिली. पावसाळी हवेत बंद पिशवीत राहिलेल्या लेन्समध्ये ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. मग भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून, कॅमेरा अगदी समोर ठेवून फोटो काढला आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून पाहिली. पहिल्या लेन्सची डावीकडची अक्षरं पुसट होती, म्हणजे तीही कधीतरी पडलेली. ती परत केली, दुसरी घेतली.

तुटलेली लेन्स टाकवली नाही. तिचा झूम १८ ते २४मध्येच अडकलाय. ती उलटी करून, पुढचं तोंड कॅमेऱ्याकडे ठेवून हाताने धरली की मॅक्रो होते, म्हणजे बारीक वस्तू जवळून खूप मोठी टिपता येते, आणि १८वर तर सर्वांत मोठं दिसतं. पडद्यावर एफच्या जागी ०० येतं, फोटो मात्र निघतो. धूळ आत जाते म्हणून हे मी घरातच करते. परवा अंगणातल्या तेरड्याचं एक फूल खिडकीपाशी आणून असं टिपलं. पाकळीवरची लव दिसते त्यात.