मागं थांब

दुपारी जेवून आडवा झालो की फोन हातात घ्यायचा नाही, असं मी ठरवलेलं असतं. ते नुसतं ठरवलेलंच असतं. परवा भाच्याने एक जुना व्हिडिओ पाठवला. जून २०२३, बंगळूरचं कांतीरवा स्टेडियम, सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारत-पाकिस्तान. आपण २-० ने पुढे, मध्यंतर आलेलं. पाकिस्तानचा खेळाडू साइडलाइनवर थ्रो टाकायला बॉल डोक्यामागं नेतो आणि पिकल्या केसांचा एक उंचापुरा गडी मागून येऊन तो बॉल त्याच्या हातातून उडवतो. मग धक्काबुक्की, दोन्ही बेंच रिकामे, रेड कार्ड. गडी म्हणजे भारताचाच तेव्हाचा कोच. क्रोएशियाचा इगोर श्टिमाच, आपल्या पेपरांतला स्टिमॅक.

भाच्याने खाली हसून लोळणाऱ्या बाहुल्या टाकल्या होत्या. मला मात्र बरं वाटलं. वय पंचावन्न, संघ दोन गोलांनी पुढं, कशाची काही गरज नाही. तरी समोरच्याच्या हातात बॉल दिसला की याला राहवत नाही. हाडाचा स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध उभा राहून अडवणारा. (भारत पुढे ४-० ने जिंकला, छेत्रीची हॅटट्रिक. ती मी बघितलीच नाही म्हटलं तरी चालेल.)

माझी एक खोड आहे. मॅच बघताना मी बॉल बघत नाही, स्टॉपर बघतो. बॉल तिकडं टोकाला असताना हा काय करतोय, कुणावर ओरडतोय, मोजे वर ओढतोय की कमरेवर हात ठेवून उभा आहे. घरातले वैतागतात. गोल झाला की सगळे उठतात, मी मात्र ‘हा कुठं होता?’ म्हणून रिप्लेची वाट बघतो.

खोड लागली कोल्हापुरात. गांधी मैदानावर संघ पाडताना शेवटपर्यंत उरायचा त्याला एकच हुकूम असे: ‘तू मागं थांब.’ मी बऱ्यापैकी मागंच थांबलो. पण शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून तालमींच्या, म्हणजे पेठापेठांच्या संघांच्या, मॅचा बघायला लागल्यावर कळलं, की मागं थांबणं हा वेगळाच हुन्नर आहे. आमच्या पेठेच्या संघात एक स्टॉपर होता. उंची बेताची, पळायला त्याहून बेताचा. कॉर्नर आला की तो बॉलकडे तोंड करून उभा राहायचा आणि डावा हात मागं सोडून दोन बोटं फॉरवर्डच्या जर्सीला टेकवायचा. धरायचा नाही, ओढायचा नाही, नुसती टेकवायचा. मागं वळून न बघता गिऱ्हाईक कुठं आहे ते त्याला कळायचं. बोटं सुटली की तोही सुटायचा. पंच फॉरवर्डच्या चेहऱ्याकडे बघत असायचे, बोटांकडे कुणीच नाही. आम्हा पोरांना तो एकदाच काय ते शिकवून गेला: ‘बॉल तरी अडवायचा, न्हाईतर माणूस. दोन्ही सोडलं तर सरळ घराकडं जायचं.’

१९९८चा वर्ल्ड कप त्या दोन बोटांच्या नजरेने बघितला. कोल्हापुरात तेव्हाही ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनी अशाच गल्ल्या वाटलेल्या. क्रोएशिया कुणाच्या खिजगणतीत नव्हता. बुद्धिबळाच्या पटासारखा शर्ट तेवढा सगळ्यांच्या लक्षात. त्यांनी क्वार्टर फायनलमध्ये जर्मनीला ३-० ने घरी पाठवलं त्या रात्री जर्मनीवाल्या गल्लीत जे सुतक पडलं, ते काही विचारू नका. मागं तिघं होते: श्टिमाच, बिलिच, शिमिच. सेमी फायनल फ्रान्सशी, रात्री साडेबाराला सुरू झाली. बाहेर जुलैचा पाऊस, घरात आवाज बंद करून टीव्ही. मध्यंतरानंतर लगेच क्रोएशियाच्या शुकेरने गोल मारला. मिनिटभरात फ्रान्सच्या थुरामने, म्हणजे एका डिफेंडरने, बोबानकडून बॉल काढून घेतला आणि बरोबरी केली. पुढे दुसराही त्यानेच मारला. थुराम फ्रान्सकडून १४२ सामने खेळला. आख्ख्या कारकिर्दीत गोल दोन, आणि दोन्ही त्याच रात्री. याला काय म्हणायचं? श्टिमाचच्या खात्यावरही ५३ सामन्यांत दोनच गोल आहेत, पण ते कोणते हे विचारून बघा कुणालाही. शुकेरचे सहा गोल आणि गोल्डन बूट पोरांना पाठ. क्रोएशियाला ब्राँझ मिळालं, ते सात सामन्यांत फक्त पाच गोल खाऊन. ते कोण पाठ करणार?

स्टॉपरच्या कारकिर्दीचा हिशेब मांडायचा तरी कसा, हा माझा जुना घोळ आहे. फॉरवर्डने काय केलं ते दिसतं. याने केलं म्हणजे काही झालं नाही. श्टिमाच १९९५ साली इंग्लंडमध्ये डर्बी काउंटीकडे आला. पहिली मॅच ट्रॅनमियरशी. त्याने स्वतः गोल मारला आणि संघ ५-१ ने हरला. सुरुवात असावी तर अशी. त्यानंतर वीस लीग सामने डर्बी हरलाच नाही आणि मोसम संपता संपता प्रीमियर लीगमध्ये गेला. त्या वीस सामन्यांत त्याने काय काय केलं असेल? ओरडला असेल. बोटं टेकवली असतील.

भारताचा कोच म्हणून त्याच्यावर मी फारसं बोलत नाही, कारण बोलायला लागलो की घरात भांडणं होतात. दोह्यात २०१९ला आशियाई विजेत्या कतारला ०-० ने रोखलं, छेत्री नसताना. माझ्या लेखी ती त्याच्या पाच वर्षांतली सगळ्यात सुंदर मॅच, आणि तिच्यात दाखवण्यासारखं गोलकीपर गुरप्रीतच्या हातमोज्यांशिवाय काही नाही. २०२४च्या आशियाई कपमध्ये मात्र तीन सामने, तीन पराभव, गोल एकही नाही. तिथं मीही गप्प. त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा दोहा, पुन्हा कतार. छांगतेच्या गोलने आपण पुढं होतो. मग बॉल चक्क गोललाइनच्या बाहेर गेलेला, तो आत ओढून त्यांनी गोल केला आणि पंचांनी तो दिला. २-१ ने हरलो, आठवड्याच्या आत श्टिमाचची गच्छंती झाली. नंतर तो फेडरेशनवर जे तोंडसुख घ्यायला लागला, ते थांबेचना. बंगळुरात बाहेर गेलेल्या बॉलला हात लावला तर रेड कार्ड, दोह्यात बाहेर गेलेल्या बॉलचा गोल. असो.

असा माणूस नुसता भांडकुदळ म्हणून सोडून देता आला असता तर सोपं होतं. व्हिडिओ संपल्यावर फोनने आपणहून पुढचा लावला, १९९१चा. बेलग्रेड, ८ मे, युगोस्लाव्ह कपची फायनल, सर्बियाचा रेड स्टार विरुद्ध क्रोएशियाचा हायदुक स्प्लिट. आदल्याच आठवड्यात क्रोएशियातल्या बोरोवो सेलोत बारा क्रोएशियन पोलीस मारले गेले होते. रेड स्टारचा सिनिशा मिहायलोविच त्याच बोरोवोत वाढलेला, त्याचे आईबाप अजून तिथंच. हायदुकचा श्टिमाच चोवीसच्या आतला. हाच पोरगा चार वर्षांपूर्वी चिलीत युगोस्लाव्हियाचाच शर्ट घालून ज्युनिअर वर्ल्ड कप जिंकून आला होता. त्या दिवशी दोघांची जुंपली आणि दोघांनाही बाहेर काढलं. श्टिमाच आपल्याला काय बोलला ते मिहायलोविचने पुढे मुलाखतींतून सांगितलं. ते मला इथं लिहवत नाही. हायदुक १-० ने जिंकला. पुढं तो देशच उरला नाही, आणि क्रोएशियाचे संघ तो कप पुन्हा कधी खेळले नाहीत.

२०१३च्या मार्चमध्ये झाग्रेबला क्रोएशिया-सर्बिया पात्रता सामना झाला. दोन बाजूंचे दोन कोच: श्टिमाच आणि मिहायलोविच. दोघांनी हात मिळवला. क्रोएशिया २-० ने जिंकला, गोल मांजुकिच आणि ओलिचचे. परतीचा सामना सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला, १-१. दोन्ही मॅचना पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना आत सोडलं नव्हतं.