उंबऱ्यावरचे ओले फडके

गिरगावातल्या आमच्या चाळीत चपला दाराबाहेर काढण्याचा नियम देवपूजेइतकाच पक्का होता आणि माझी अडचण अशी, की माझा डावा बूट निघत नसे. दीड वर्षाची असताना, १९७४ साली, मला पोलिओ झाला. पुढे हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत मापे घेऊन मांडीपासून घोट्यापर्यंत पायाला आधार देणारे कॅलिपर बनवले गेले. त्याच्या दोन्ही पोलादी पट्ट्या बुटाच्या टाचेतच बसवलेल्या असत. बूट काढायचा म्हणजे चामड्याचे सगळे पट्टे सोडून अख्खे कॅलिपर उतरवायचे, आणि मग भिंत धरून लंगडत आत जायचे. यावर आईने काढलेला तोडगा म्हणजे उंबऱ्याशी ठेवलेले ओले फडके. मी शाळेतून आले की ती खाली बसून माझ्या बुटाचा तळ पुसे आणि म्हणे, “ये आता आत.” शेजाऱ्यांच्या दाराशी असे फडके नसे, त्यामुळे मी गॅलरीतच उभी राहून बोलत असे. मला कोणी कधी ‘येऊ नकोस’ म्हटले नाही, हेही खरे.

मुंबईत माझा पाय एकटीचा नव्हताच. दुधाच्या रांगेतली अनोळखी बाईही “काय गं, पोलिओ का?” असे सरळ विचारी आणि उत्तर ऐकून स्वतःच्या नणंदेच्या मुलाची हकिकत सांगे. लंगडीचा डाव रंगला की मला लिंबूटिंबू म्हणून घेत. ज्या खेळाचे नावच लंगडी, त्यात मी लिंबूटिंबू, याची गंमत मला फार उशिरा कळली. आमचे घर विठ्ठलाचे, तरीही आईने वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस बोलून सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचा पाय वाहिला होता. तिथल्या दुकानांत मेणाचे हात, पाय, घर, बाळ असे सगळे मांडलेले असते. आईने पाय निवडताना दोन-तीन हातात घेऊन पाहिले आणि सर्वांत सरळ होता तो घेतला, हे मला अजून दिसते. नवस फळला नाही, पण त्याबद्दल तिने मोतमाउलीला कधी बोल लावला नाही. मला मात्र तिने एकच ताकीद दिली होती : कोणी विचारले, जमेल का, तर “जमेल” म्हणायचे. लग्नाच्या वयात स्थळांच्या चिठ्ठीवर ‘पायाने किंचित अधू’ असे लिहिले जाई, तेव्हा त्या ‘किंचित’वरही तिचा फार जीव होता.

हे ‘जमेल’ घेऊन मी २००४ साली लंडनला नोकरीसाठी आले आणि पहिली काही वर्षे मला वाटत राहिले, की इथल्या लोकांना माझा पाय दिसतच नाही. कोणी विचारीत नसे. बसचालक न बोलता बस पदपथाकडे झुकवी, कचेरीत माझ्यासाठी तळमजल्यावरचे टेबल निघे, पण एकही सहकारी “काय झाले होते?” म्हणत नसे. सुरुवातीला मला ते सुख वाटले. मग एका हिवाळ्यात, भुयारी रेल्वेच्या एका स्थानकात उद्वाहन बंद असल्याने मी जिन्यात मध्येच टेकून उभी होते, तेव्हा माझ्या शेजारून शेकडो माणसे अतिशय सभ्यपणे वळसा घालून गेली. दादरच्या पुलावर एवढ्या वेळात दोघींनी माझी पिशवी घेतली असती, तिसरीने आयुर्वेदिक तेल सुचवले असते, आणि मला त्या तेलाचा रागही आला असता.

चाळिशीनंतर उजवा, म्हणजे माझा ‘चांगला’ पायही थकू लागला. पोलिओ होऊन गेल्यावर काही दशकांनी स्नायू पुन्हा दुबळे होऊ शकतात, हे मला तोवर माहीत नव्हते. मला तपासणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्टने पोलिओ झालेला माणूस पहिल्यांदाच पाहिला होता. ब्रिटनमध्ये या रोगाची नैसर्गिक लागण शेवटची झाली ती १९८४ साली. भारतातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण २०११ मधला. त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने कामावर मदत मिळावी म्हणून एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. न थांबता किती मीटर चालता, या प्रश्नापुढे मी लिहिले, ‘लागेल तेवढे.’ तिने ते वाचले आणि विचारले, “आणि घरी पोहोचल्यावर काय होते?” मी सांगितले, की पलंगावर पडते आणि स्वयंपाक दुसऱ्या दिवशी करते. “मग तेच लिहा,” ती म्हणाली. २०१० च्या समता कायद्यानुसार इथे मालकाला वाजवी सोयी कराव्या लागतात, पण त्याआधी आपल्याला काय जमत नाही हे आपणच तोंडाने सांगावे लागते. आपल्याकडच्या २०१६ च्या कायद्यातही अशा सोयींची तरतूद आहे. माझी अडचण कायद्याची नव्हतीच. ‘जमत नाही’ हे दोन शब्द लिहिताना मला आईशी फितुरी केल्यासारखे वाटले, आणि तो अर्ज तीन आठवडे तसाच पडून राहिला. लंडनच्या परिवहन खात्याने २०१७ साली ‘कृपया मला बसायला जागा द्या’ असा बिल्ला काढला, तोही मी मागवून सात महिने खणात ठेवला.

मुंबईत आल्यावर मी लोकलच्या अपंगांच्या डब्यातून जाते. सरकारदरबारी आता ‘दिव्यांग’ म्हणतात, पण फलाटावर ऐकू येतो तो ‘हँडिकॅपचा डबा’च, आणि मला तो शब्द ‘दिव्यांग’पेक्षा कमी खटकतो, माझ्या पायात दिव्य असे काही नाही. गेल्या खेपेला सलवारीमुळे कॅलिपर दिसले नाही, तेव्हा एका बाईने मला दरडावले, “हा डबा अपंगांचा आहे हां.” मी गुडघ्याची कडी उचलून खट्कन सोडली. तिने लगेच सरकून जागा दिली आणि स्वतःची कडी दाखवून विचारले, “तुमची गंजत नाही का हो पावसात?” दादर ते चर्चगेट आम्ही तेल, गंज आणि चामडे शिवून देणारे कारागीर यांवर बोललो. इतके मोकळे बोलणे मी लंडनमध्ये वीस वर्षांत केलेले नाही.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेले आहेत, पण काठी घ्यायला तयार नाही. “मला काय धाड भरली आहे?” म्हणते आणि कठडा धरून तीन मजले चढते. मी काठीचा विषय काढला तेव्हा तिने मला माझेच वाक्य ऐकवले, म्हणजे खरे तर तिचेच : “जमतं.”

त्या दिवशी मी वर पोहोचले तेव्हा फडके उंबऱ्याशी तयार होते. तिला वाकता येत नव्हते आणि मलाही. क्षणभर आम्ही दोघी फडक्याकडे पाहत उभ्या राहिलो. मग तिने ते पायाच्या अंगठ्याने पसरले, मी त्यावर बूट ठेवून दोनदा घासला आणि आत गेले.

“हे आधी का नाही सुचलं गं?” ती म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.