आधी अंदाज, मग पाणी

चार ते आठ वर्षांच्या मुलाला तर्क शिकवायला वर्कशीटचा गठ्ठा लागत नाही. लागते ती एक रुंद तोंडाची पारदर्शक बरणी, ओट्यावरच्या पाचसहा वस्तू आणि गप्प बसू शकणारा एक मोठा माणूस. यातली तिसरी गोष्ट मिळणं सगळ्यांत अवघड.

जानेवारी ते एप्रिल नाशिकच्या घरात द्राक्षं असतातच, म्हणून तिथूनच सुरुवात करावी. बरणी पाण्याने पाऊण भरा. द्राक्ष, न सोललेलं संत्रं, लिंबू, हिरवी मिरची, बटाट्याची फोड ओळीने मांडा. अट एकच: काहीही पाण्यात टाकण्याआधी मुलाने बुडेल की तरंगेल ते सांगायचं आणि त्याप्रमाणे वस्तू डावीकडे किंवा उजवीकडे सरकवून ठेवायची. हा टप्पा गाळला तर नुसतं पाण्यात खेळणं होतं. वस्तू पडल्यावर ‘मला माहीतच होतं’ असं सगळेच म्हणतात, मोठेसुद्धा. आधी सरकवून ठेवली असेल तर अंदाज समोर दिसत राहतो, बदलता येत नाही.

मग विचारा, ‘कशावरून वाटतं तुला?’ नुसतं ‘का?’ विचारलं तर बरीच मुलं गप्प होतात, कारण घरात ‘का’ बहुधा रागावतानाच ऐकू येतं: का सांडलंस, का मारलंस. प्रश्न विचारून झाला की मनात तीन आकडे मोजा आणि तोंड उघडू नका. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गातल्या ध्वनिफितींवरून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि मुलं आपणहून कारणं देऊ लागतात. घरी तर आपण एक सेकंदही थांबत नाही, उत्तर आपणच देऊन मोकळे होतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे तोच प्रश्न पुन्हा विचारणं. लहान मुलाला वाटतं, पहिलं उत्तर चुकलं असणार, आणि ते उत्तर बदलतं. तो बदल विचारातून नाही, आपल्या चेहऱ्याकडे बघून झालेला असतो.

बहुतेक मुलं पहिल्या फेरीत ‘मोठं बुडतं, छोटं तरंगतं’ असा नियम काढतात. तो मोडू नका, संत्र्याला मोडू द्या. एवढं मोठं संत्रं तरंगतं आणि इवलंसं द्राक्ष तळाला जातं. आता तेच संत्रं सोलून टाका. सालीतली हवा गेली की ते सहसा बुडतं. मधे पोकळी असेल तर सोलूनही तरंगेल. मग फोडी सुट्या करून टाकायच्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. साल काढली आणि त्याच वेळी पाणीही बदललं, तर कशामुळे काय झालं ते मुलालाही कळणार नाही आणि तुम्हालाही.

मिठाची फेरी दुसऱ्या दिवशी. पेल्यात २०० मिली पाणी, तळाला द्राक्ष. सपाट छोटा चमचा मीठ टाकायचं, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, बघायचं, मग पुढचा चमचा. चार ते सहा चमच्यांत द्राक्ष वर येतं; गोड द्राक्षाला जास्त मीठ लागतं, कारण साखरेने ते जड असतं. नीट ढवळलं नाही तर खारं पाणी तळाशी बसतं आणि द्राक्ष मधेच लोंबकळतं. प्रयोग फसला असं समजून पेला ओतून देऊ नका. ‘मधेच का थांबलं असेल?’ हा त्या दिवसातला सगळ्यांत चांगला प्रश्न. हंगाम नसेल तेव्हा बटाट्याची फोड किंवा अंडं चालतं. पाच वर्षांखालच्या मुलाला द्राक्ष खायला देताना मात्र उभं चिरून चार फोडी करा, अख्खं घशात अडकतं.

अंदाज वहीत चित्राने लिहून घ्या, पेनाने. चुकलेला अंदाज खोडायचा नाही, शेजारी काय झालं ते काढायचं. दहा मिनिटं पुरतात. मूल पाणी उडवायला लागलं की त्या दिवशीचा वर्ग सुटला.

सहा-सात वर्षांपुढे बरणीतून बाहेर यायला हवं, आणि त्यासाठी नाशिकचा पावसाळा सोयीचा आहे. गोदावरी चढली की ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलं’ हे वाक्य घरोघरी येतं; नदीपात्रातल्या या मूर्तीवरूनच नाशिककर पूर मोजतात. त्यावर तीन प्रश्न पुरतात: कोणी पाहिलं? कधी पाहिलं? दुसऱ्या कशावरून पडताळता येईल? व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ आजचाच आहे का, हे मुलाला शोधू द्या. २००८ आणि २०१९च्या पुरांचे व्हिडिओ पुढच्या पावसातही नवे म्हणून फिरू शकतात. फलक, गाड्या, बोलणाऱ्याच्या तोंडची तारीख, आत्ता बाहेर पाऊस आहे की नाही, अशा खुणा मुलांना आपल्याआधी दिसतात. बातमीत नाशिकच्या वरच्या अंगाच्या गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, वीस लिटरची जवळपास दीड बादली. हजार क्युसेक म्हटल्यावर बादल्यांचा हिशेब मुलाने करायचा. धरणाचं पाणी रामकुंडाच्या घाटावर पोचायला वेळ लागतो आणि वाटेत शहरातल्या पावसाचं पाणीही मिळतं, म्हणून एकच आकडा बघून सगळं ठरत नाही, हेही त्यातून निघतं. हे सगळं घरी बसून. पूर दाखवायला घाटावर नेऊ नका.

वाचता येऊ लागलं की दुकानातली पाकिटं. समोर आंब्याचं चित्र असतं, मागे घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिली तीन नावं मुलाने मोठ्याने वाचायची, बस.

खरी पंचाईत आजीपाशी होते. ‘रात्री नखं कापू नये’ म्हटल्यावर नातू ‘कशावरून?’ विचारतो आणि सून ओशाळते. मुलाला गप्प करू नये, आणि त्याच्या देखत आजीचं हसूही करू नये. त्याला सांगा, ‘खोटं आहे’ म्हणायचं नाही, ‘आजी, तुला हे कोणी सांगितलं?’ असं विचारायचं. दिव्याच्या उजेडातल्या गोष्टी निघतात, आणि बल्ब लागल्यावर तो नियम उरतो का हे दोघं मिळून ठरवतात. आईबाबांच्या वाक्यांनाही हीच सवलत हवी. ‘थंडी आहे, स्वेटर घाल’ म्हटलं तर मुलाला गच्चीत जाऊन येऊ द्या. डिसेंबरातल्या नाशिकमध्ये ते स्वतःच स्वेटर शोधत परत येईल.

रस्ता, गॅस, विजेचं बटण आणि औषध यांवर आधी चर्चा नाही. आधी ऐकायचं, कारण नंतर. पण ते ‘नंतर’ त्याच दिवशी यायला हवं, नाहीतर मूल दुसऱ्या वेळी आधीच विचारतं, तेही नाशिकच्या गजबजलेल्या द्वारका चौकात गाड्या सुटल्यावर.