पावसाळ्यानंतरची नोंद: पिंप, पालापाचोळा आणि चाळणीवर उरलेलं

पाऊस ओसरला, म्हणून जूनपासूनची नोंद एकदाची लिहून काढतेय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: पुण्यातला फ्लॅट, घरात चार माणसं, गच्चीत ओल्या कचऱ्याचं खत करायला बाजूने भोकं पाडलेली दोन झाकणाची पिंपं. एक भरत असतं, दुसरं मुरत असतं. घरातला ओला कचरा दाराबाहेर जात नाही.

पावसाळ्यात खरी झुंज ओलाव्याशी. भाजीच्या सालींत मुळातच बहुतांश पाणी, त्यात हवा दमट, त्यामुळे ते उडून जायला वाव नाही. यंदा मी वासावर लक्ष ठेवलं आणि त्याचा फार उपयोग झाला. सडक्या अंड्यासारखा वास आला की आत हवा खेळत नाही, ओल जास्त झालीय. नाकाला झोंबणारा, अमोनियाचा वास आला की हिरवं (भाजीच्या साली वगैरे) जास्त आणि कोरडं (पाला) कमी. दोन्हींवर इलाज जवळपास एकच: पालापाचोळा घालून खालपासून वर हलवायचं. फरक एवढाच, की पहिल्या वेळी हलवण्यावर भर द्यायचा, दुसऱ्या वेळी पाल्यावर. मूठ दाबून बघणं तर आहेच. बोटांच्या फटीतून एखादा थेंब डोकावला तर उत्तम, धार लागली तर आणखी पाला.

पिंपातल्या मालात कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) गुणोत्तर साधारण 30:1 असावं हे आपण सगळेच ऐकतो. घरी ते मोजणार कोण? भाजीच्या सालींचं गुणोत्तर त्याच्या बरंच खाली असतं आणि सुक्या पानांचं बरंच वर, म्हणून आकारमानाने एक वाटी ओल्याला एक ते दोन वाट्या चुरलेला पाला धरते. लाकडाचा भुसा मिळतो तिथे जपून. त्यात कर्ब इतका जास्त असतो की कुजणं मंदावतं, आणि प्लायवूडच्या दुकानातला असेल तर डिंक आणि रसायनं येतात. तो मी घेतच नाही.

ऑगस्टमध्ये अळ्या आल्या. चपट्या, करड्या-तपकिरी, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. या वेळी घरचे घाबरले नाहीत, ही माझ्या मते वर्षाची मोठी मिळकत. ही माशी चावत नाही, घरमाशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही, आणि अळ्या उरलेला भात-पोळीसुद्धा झपाट्याने फस्त करतात. त्यांना औषध मारू नका. पिंप फार ओलं वाटलं तर पाल्याचा जाड थर द्या, त्या आपोआप कमी होतात.

कुंड्यांत टोमॅटोची आणि भोपळ्याची रोपं फुकट उगवली. आपल्या छोट्या पिंपात बिया मरण्याइतकी उष्णता टिकत नाही. त्यासाठी 55 अंशांच्या वर काही दिवस लागतात आणि तेवढी धग मोठ्या ढिगातच राहते. म्हणून घरचं खत तुळशीत किंवा कढीपत्त्यात घालताना कोवळी रोपं उपटायची तयारी ठेवा.

आता चाळणीबद्दल, कारण घरातल्या वर्गीकरणाची परीक्षा तिथेच होते. मुरलेलं पिंप वर्तमानपत्रावर ओतलं, चाळलं. खाली काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीचा वास असलेलं खत. वर आंब्याच्या कोयी, नारळाच्या शेंड्या (या पुन्हा पिंपात जातात) आणि सफरचंदावरची गोल स्टिकरं. अक्षरंही वाचता येत होती! सोबत कोथिंबिरीच्या जुडीचं रबर आणि गजऱ्याचा नायलॉनचा दोरा. कचरा वेगळा होतो तो डब्यापाशी नाही, विळीपाशी. फळ धुतानाच स्टिकर काढायचं, निर्माल्यातला दोरा हार उतरवतानाच. आता ओट्यावर एक छोटी वाटी फक्त या बारीकसारीक गोष्टींसाठी ठेवली आहे.

सुक्यातला माझा आवडता विषय दुधाची पिशवी. कोपरा पूर्ण कापून टाकू नका, चीर देऊन तो पिशवीलाच राहू द्या. सुटा तुकडा इतका लहान असतो की तो कुणी वेचू शकत नाही, तो गटारात किंवा मातीत जातो. पिशवी मात्र विसळून, वाळवून दिली तर विकली जाते. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई घरोघरी येतात. सुका माल विकून मिळणारे पैसे हा त्यांच्या कमाईचा भाग आहे. खरकटं लागलेली पिशवी देणं म्हणजे त्यांचा हात घाणीत आणि मिळकत कमी. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे, हेही त्यांच्याच हातांसाठी. 2016 च्या घनकचरा नियमांनीही ओला, सुका आणि घरगुती घातक असं वेगळं करून देणं आपल्यावर सोपवलं होतं. पण नियम नसता तरी कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या लोकांनी या शहराच्या कचऱ्याचा वास आणि नासलेलं पाणी किती वर्षं सोसलं, हे पुण्यात राहून विसरता येत नाही. माझ्या घरची केळीची साल कुणाच्या विहिरीपाशी का सडावी?

पुढचं काम पाल्याच्या साठ्याचं. पानगळ सुरू झाली की रस्त्याकडेला ढीग लागतात आणि काही ठिकाणी ते पेटवले जातात, खरं तर रस्त्यावर कचरा जाळायला मनाई आहे. सोसायटीच्या झाडूवाल्या काकांशी बोलून ठेवलंय, ते पाला पोत्यात भरून जिन्याखाली ठेवतील. पुढच्या पावसाळ्याला पुरेल इतका हवाय, आणि चुरून ठेवला तरच तो मावेल. कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाकडे पाला बारीक करायचं यंत्र असेल तर कळवा, एका दिवसासाठी भाड्याने घेईन.