चौदा तारखेचा गुलाब

"ताई, गेल्या आठवड्यात केवढ्याला दिलात आणि आज हा भाव?" फेब्रुवारी उजाडला की ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या फुलांच्या दुकानात हा प्रश्न सुरू होतो. कुणी चिडून विचारतं, कॉलेजची मुलं पाकिटात डोकावत विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून आज निवांत सांगते, त्या गर्दीत सांगणं होत नाही.

व्हॅलेंटाइनच्या गुलाबाचा भाव डिसेंबरातच ठरायला लागतो. आपल्याकडचा बराचसा डच गुलाब मावळातला, तळेगाव दाभाडेच्या आसपासच्या पॉलिहाऊसमधला. तिथले शेतकरी डिसेंबरच्या मध्याला झाडं छाटतात, म्हणजे साधारण दीड-दोन महिन्यांनी, नेमक्या त्याच आठवड्यांत कळ्या एकदम हाताशी येतात. पण छाटलं की मधल्या काळात त्या झाडावर तोडायला फूल नाही, खर्च मात्र चालू. पुढे सगळी मदार हवेवर. थंडी वाढली की कळी अडून बसते आणि पंधरा तारखेनंतर तयार होते, तेव्हा तिला विचारतो कोण? ऊन तापलं की आधीच उमलून मोकळी. दव पडलं की डावणीची, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाची धास्ती. एका तारखेसाठी इतका जीव टांगणीला लावणारं दुसरं फूल मला तरी माहीत नाही.

त्यातून जानेवारीच्या अखेरीपासून लांब दांड्याचा, उत्तम माल विमानाने परदेशी जातो. राहिलेल्यावर लग्नाच्या मांडवांचा डोळा असतो, शिवाय ७ तारखेचा रोझ डे. आम्हाला वीस फुलांची जुडी चढ्या भावानेच उचलावी लागते आणि तीत एक-दोन मान टाकलेली निघतातच. नफा आम्हीही घेतो, पण ही लूट नाही.

भाव मोजताय तर फूल तरी पारखून घ्या. कळी देठाजवळ दोन बोटांत हलकेच दाबून बघा. घट्ट लागली तर ताजी, पोकळ लागली तर शिळी. बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या हिरवट, कडा काळपटलेल्या असतात. गिऱ्हाईक त्या बघून फूल परत ठेवतं. अहो, त्या पाकळ्यांनीच आतलं फूल प्रवासात सांभाळलेलं असतं! त्या राहू द्या, देण्याआधी अलगद काढा. निळा गुलाब मात्र माझ्याकडे मागू नका. पांढऱ्या फुलाला रंग पाजून तो करतात, आणि मला ते बघवत नाही.

चौदाच्या संध्याकाळी तलावपाळीवर जाता जाता घ्यायचा बेत असेल तर बदला. बाराला या. दांडा पाण्यात बुडवून खालून तिरका छाटा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, पाणी रोज बदला. पिकल्या केळ्या-सफरचंदांपासून फूल लांब ठेवा, त्या फळांच्या वायूने ते लवकर माना टाकतं.

"हा आपला सण आहे का?" असंही विचारतात. माझं उत्तर आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडून आलेलं आहे. रिटायर्ड गृहस्थ, दरवर्षी काकूंसाठी एक लाल गुलाब आणि अबोलीची वेणी नेतात. एकदा म्हणाले, "पाडव्याला ओवाळणी घालतोच, पण तिथे ताट समोर येतं. हे मी आपण होऊन नेतो." जपानमध्ये या दिवशी बायका पुरुषांना चॉकलेट देतात आणि पुरुष १४ मार्चला परतफेड करतात. प्रत्येक मुलखाने आपापली रीत घातली, तशी आपण वेणी घातली तर काय बिघडलं?

हातात पैसे थोडे असतील तर पोरांनो, दहा फुलांचा प्लास्टिकात आवळलेला गुच्छ घेऊ नका. एकच चांगली कळी घ्या. काटे मी काढून देईन, कागदात गुंडाळून देईन, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि ज्यांना तारखेचं सोयरसुतक नाही, त्यांनी सरळ सोळाला यावं. भाव उतरलेला असतो आणि मावळातून उशिरा फुललेला सुरेख माल तेव्हाच येतो.