हाताकडे बघ

विद्यापीठात असताना एका वर्षी प्रयोगकला विभागाच्या अख्ख्या सीझनचे क्यू मी दिले. संगीत, नृत्य, नाटक आणि शेवटी ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटक. क्यू देणं म्हणजे काय ते आधी सांगते, कारण असं काही काम असतं हेच बहुतेक प्रेक्षकांना माहीत नसतं. विंगेत एक छोटं डेस्क, त्यावर मंद निळा दिवा, संहितेची प्रत, पेन्सिल आणि कानाला हेडसेट. प्रकाशवाला, ध्वनीवाला, पडदेवाला आपापल्या जागी बटणावर बोट ठेवून बसलेले असतात. मी ‘स्टँडबाय’ म्हटलं की ते सावध होतात आणि ‘गो’ म्हटलं की घडतं. म्हणून हेडसेटवर गप्पांच्या ओघातसुद्धा ‘गो’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, ही पहिली शिकवण.

वाद्यवृंदाच्या मैफलीत मला काम सगळ्यात कमी होतं. कष्ट सगळे आधीचे. कॉन्सर्ट ग्रँड पियानो पावणेतीन मीटर लांब आणि पाचशे किलोच्या आसपास वजनाचा असतो. तो ढकलत मंचावर आणला, दिव्यांच्या उष्णतेची त्याला सवय होऊ दिली आणि मग ट्यूनरने तासभर एकेक तार लावली. प्रयोगाच्या वेळी ओबो हे फुंकवाद्य वाजवणारी एक लांब सूर धरते आणि बाकीचे सगळे त्याला आपापली वाद्यं मिळवतात. ते थांबलं की दार उघडून संचालकांना, म्हणजे हाताने वाद्यवृंदाला लय दाखवणाऱ्या कंडक्टरना, आत सोडायचं, एवढाच माझा क्यू. पण त्या दाराशी मी पहिल्यांदा शांततेकडे कान दिला. सूर मिळवणं संपल्यावरची शांतता पिकायला तीनचार सेकंद लागतात. त्याआधी दार उघडलं तर संचालक कच्च्या शांततेत पाऊल टाकतात.

नृत्याच्या वेळी तेच सभागृह ओळखू येईना. नर्तकांच्या घोट्यांना आणि गुडघ्यांना कडक जमीन चालत नाही. म्हणून खाली उसळी देणारी फळ्यांची जमीन आणि तिच्यावर विनाइलच्या लांब पट्ट्या अंथरल्या. रात्रभर त्या तशाच बसू दिल्या. बूट घालून कुणी पाय ठेवला तर नृत्याच्या मॅडम खरोखर ओरडायच्या. दिवे समोरून कमी आणि विंगांतून जास्त, काही तर पोटरीच्या उंचीवर, कारण बाजूने प्रकाश आला की शरीराला गोलाई येते. क्यू आठाच्या मोजणीवर. फक्त एक रचना अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांच्या पद्धतीची होती. त्यांनी नृत्य आणि संगीत एकमेकांवर अवलंबून न ठेवता वेगवेगळं रचलं, दोन्ही भेटायची ती थेट प्रयोगात. तिथे मोजायला ठेका नव्हता, हातात स्टॉपवॉच. चार मिनिटं दहा सेकंद झाली की निळा दिवा. मला ते तेव्हा कोरडं वाटलं होतं, आज तसं वाटत नाही. घड्याळाकडे बघत बसल्यामुळेच त्या मुलींच्या श्वासाचा आवाज मला ऐकू आला.

नाटक रशियन लेखक चेखॉव्हचं होतं, ‘चेरी ऑर्चर्ड’, १९०४ सालचं. दुसऱ्या अंकात सगळे विचारात बुडून बसलेले असतात, म्हातारा नोकर फिर्स तेवढा पुटपुटत असतो, आणि अचानक दुरून, जणू आभाळातून, तार तुटल्यासारखा आवाज येतो. नाटकाच्या अगदी शेवटी पुन्हा तोच, आणि मग झाडावर पडणारे कुऱ्हाडीचे घाव. हा आवाज कोणत्याच वाक्यावर बांधलेला नाही, तो शांततेच्या मधोमध आहे. पहिल्या तालमीत मी मनात पाच आकडे मोजून क्यू दिला. दिग्दर्शक म्हणाले, “तू मोजतेयस, ते कळतंय. त्यांच्याकडे बघ.” मग मी त्या नटांकडे बघायला लागले. आठवडाभर बघितल्यावर लक्षात आलं की बसलेल्यांपैकी एकीचे खांदे श्वास सोडताना उतरतात आणि त्यानंतर कुणालाच काही बोलायचं उरत नाही. आवाजाची जागा तीच. ती रोज थोडी सरकायची.

ऑपेरा इंग्रज संगीतकार पर्सेलचा ‘डायडो अँड एनियस’. विद्यार्थ्यांसाठी ही निवड फार शहाणपणाची आहे. तासाभराचं काम, विशीतल्या गळ्यांना झेपणारं, कोरसला आणि नर्तकांनाही भरपूर वाव. सतराव्या शतकाच्या शेवटी तो लंडनजवळच्या चेल्सीतल्या मुलींच्या शाळेत झाला होता आणि ती शाळा चालवणारे जोसायस प्रीस्ट स्वतः नृत्यशिक्षक होते. शाळेच्या मुलींनी सादर केलेली कृती आज ऑपेरागृहांत मानाने गायली जाते, याचा मला मनापासून आनंद होतो. आमच्याकडे मुख्य भूमिकांसाठी दोन संच होते. एका रात्री एक गातो, दुसऱ्या रात्री दुसरा. गळ्याला विश्रांती मिळते आणि दुप्पट जणांना संधी मिळते. माइक कुणालाच नाही. कमावलेल्या आवाजात तीन हजार हर्ट्झच्या आसपास एक धार असते. तिथे वाद्यवृंदाचा जोर कमी असतो, म्हणून एकटा गळा इतक्या वाद्यांवरून पलीकडे पोचतो.

मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन, वाचता येत नव्हतं. दोन महिने रोज शिकले. नायिका डायडो राणीच्या शेवटच्या विलापाखाली पाच मापांची (बारची) एक बेसची, म्हणजे खर्जातली, ओळ आहे, अर्ध्याअर्ध्या सुराने खाली उतरणारी, आणि तीच पुन्हा पुन्हा येते. मी प्रतीवर प्रत्येक आवर्तनाला पेन्सिलने आकडा घातला आणि आकड्यांवर दिवे उतरवत नेले. रंगीत तालमीत शेवटच्या कोरसच्या वेळी माझी नजर कागदावर होती. संचालकांनी लय ओढून संथ केली आणि मी आकड्यावरच ‘गो’ म्हटलं. अख्खा कोरस शेवटची दोन मापं अंधारात गायला. तालीम संपल्यावर आमचे विभागातले सर रागावले नाहीत. डेस्कवरच्या छोट्या पडद्यावर संचालकांचं चित्र सतत दिसतं, त्याकडे बोट दाखवून म्हणाले, “कागद तुला पाठ आहे ना? मग या हाताकडे बघ.”

शेवटच्या प्रयोगाला मी प्रत मिटून ठेवली. विलाप झाला, कोरस आला, पडद्यावरचा हात हळूहळू लहान होत गेला. अंधाराचा क्यू मी त्या हाताबरोबर दिला. सूर विरला, तरी हात वरच होता. सभागृहात कुणी हललं नाही. प्रणामाच्या दिव्यांसाठी प्रतीत चार सेकंद लिहिले होते, ते केव्हाच उलटून गेले. हेडसेटवर प्रकाशवाल्याने अगदी हळू विचारलं, “देऊ?” मी म्हटलं, “थांब.” हात अजून वर होता. मग तो खाली आला.

“गो.”